जुनी पिकअप, महाग डिझेल आणि वहीतला हिशेब

२०१८ च्या सप्टेंबरात पेट्रोल नव्वदीला टेकलं, तेव्हा राज्यभरच्या बातम्यांत परभणीचं नाव आलं. २०२१ मध्ये दर शंभरीकडे निघाले, तेव्हाही राज्यातल्या सर्वांत महाग इंधनाच्या चर्चेत परभणी होतीच. यामागचं मोठं कारण अंतराचं आहे. परभणीच्या पंपांवरचं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येतं आणि तीनशेच्या घरातल्या किलोमीटरचं भाडं दरात मिसळतं. त्यामुळे इथे डिझेल वाचवण्याची गरज मुंबई-पुण्यापेक्षा चार पैशांनी जास्तच आहे.

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात हे डिझेल मुख्यतः शेतमालाच्या वाहतुकीत जळतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग कापूस, तूर, उन्हाळ्याच्या तोंडावर हरभरा आणि ज्वारी. हा माल जिंतूर, सेलू किंवा परभणीच्या मोंढ्यात जातो आणि जूनमध्ये खत-बियाणं उलट दिशेने येतं. ट्रकभर माल थोड्यांकडे असतो. बहुतेकांचा माल दहा-बारा क्विंटलच्या खेपेत मावतो, म्हणून काम पिकअपचं. त्यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या असतात: बोलेरो पिकअप, टाटा २०७, १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ किंवा २००५ मध्ये आलेला छोटा हत्ती. या जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज सुधारता येतं. पण कुठल्या उपायाने किती लिटर वाचतात हे मोजून, स्वस्त उपायाकडून महाग उपायाकडे जायला हवं.

जुन्या गाडीचा एक किलोमीटर जास्त मोलाचा

अ‍ॅव्हरेजचा आकडा आपली एक फसगत करतो. नऊची दहा झाली काय आणि पंधराची सोळा झाली काय, फायदा सारखाच, असं वाटतं. आता हजार किलोमीटरचा हिशेब मांडा. नऊच्या अ‍ॅव्हरेजला १११ लिटर लागतात, दहाला १००. म्हणजे ११ लिटर वाचले. पंधराला ६६.७ लिटर लागतात आणि सोळाला ६२.५. इथे वाचले जेमतेम सव्वाचार लिटर. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच गैरसमजावर लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की लिटरमागे किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा ठरावीक अंतराला किती लिटर हे विचारलं, तर माणसं बरोबर निर्णय घेतात.

याचा सरळ अर्थ असा, की जी गाडी आज सर्वांत जास्त पिते, तिच्यावर केलेली मेहनत सर्वांत जास्त फळते. वर्षाला २०,००० किलोमीटर चालणारी पिकअप दहावरून बारावर आणली, तर २,००० लिटरच्या जागी १,६६७ लिटर लागतील. हिशेबाला डिझेल ९० रुपये धरलं, तर वर्षाचे ३०,००० रुपये. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटरच चालत असेल, तर बचत १२,००० रुपयांची. दुरुस्तीवर किती खर्च करायचा, याचं माप या आकड्यातच आहे.

आधी मोजा

बहुतेक मालक अ‍ॅव्हरेज अंदाजाने सांगतात. पाचशे रुपयांचं डिझेल टाकलं, काटा इथवर आला, इतक्या फेऱ्या झाल्या. यातून काही कळत नाही. टाकीचा काटा मुळातच ढोबळ असतो आणि सपाट जागेवर व उतारावर वेगवेगळं दाखवतो.

खरी पद्धत टाकी ते टाकी. सपाट जागेवर उभ्या गाडीत पंपाची पिस्तूल आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. मग चारशे-पाचशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. परत त्याच पंपावर, त्याच जागी, तसंच पिस्तूल बंद होईपर्यंत भरा. धावलेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज. एवढं अंतर घ्यायचं कारण असं, की भरताना एका लिटरचा फरक सहज पडतो. आठ लिटर भरून हिशेब केला तर ही चूक साडेबारा टक्क्यांची होते, चाळीस लिटर भरले तर अडीच टक्क्यांची. दुरुस्तीतून होणारा फायदा पाच-दहा टक्क्यांचा असतो. मापातली चूक त्याहून मोठी असेल, तर फायदा झाला की नाही हे कधीच कळणार नाही.

जुन्या गाड्यांचं किलोमीटरचं मीटर अनेकदा बंद असतं. ते दुरुस्त होईपर्यंत ठरलेल्या रस्त्याचं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून फेऱ्यांचा हिशेब ठेवा. कंपनीच्या मापापेक्षा वेगळे टायर बसवले असतील, तर चालू मीटरही खोटं बोलतं. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल, तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ते भरून दाखवा असं म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे.

वहीत आणखी एक रकाना ठेवा: वजनकाट्यावरचं मालाचं वजन. तो का, हे शेवटी कळेल.

लिटरभर डिझेल जातं कुठे

एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातल्या ऊर्जेपैकी २६ टक्के कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मोठीच झेप होती. पुढे इंजिनं खूप सुधारली. तरी पिकअपच्या रोजच्या चालण्यात, कधी भरलेली कधी रिकामी, कधी गर्दीत कधी मोकळ्या रस्त्यावर, दहा युनिटांतली अडीच-तीन युनिटंच चाकांपर्यंत पोचतात. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जातात. ही गळती बरीचशी निसर्गनियमाची आहे आणि कुठलाही मिस्त्री ती बंद करू शकत नाही. आपल्या हातात दोन गोष्टी राहतात: इंजिन जितकं चांगलं चालू शकतं तितकं चालू देणं आणि चाकांपर्यंत आलेली ताकद वाया न घालवणं.

दुसरी गोष्ट आकड्यांत पाहू. माल धरून पावणेतीन टनांची पिकअप सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने चालली आहे. टायर रस्त्यावर फिरताना जो विरोध होतो, तो ओढायला साधारण ३३ किलोचा जोर लागतो. समोरची हवा कापायला आणखी सुमारे २५ किलो. एकूण ५८. आता वेग ८० करा. टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ चे ४५ होतात आणि एकूण ७८. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला तिसरा हिस्सा जादा जोर. बदल्यात काय मिळालं? तीस किलोमीटरच्या रस्त्यावर साडेसात मिनिटं. गाडीगणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण प्रमाण बदलत नाही. केंद्र सरकारने १९७८ मध्ये स्थापन केलेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ताशी ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देते, त्याचं मूळ याच गणितात आहे.

कापसाच्या दिवसांत हे गणित आणखी बिघडतं. कापूस वजनाने हलका, पण जागा फार खातो. हौद्याच्या वर आणि केबिनच्याही वर चढवलेला कापूस गाडीचं समोरचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटरवरून चारवर नेतो, तेव्हा हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. सैल बांधलेली, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते. अशी गाडी ४५ ने चालवली, तर ६० च्या वेगातला ३३ किलोचा हवेचा विरोध १९ वर उतरतो. कापूस नीट दाबून, ताडपत्री सगळ्या बाजूंनी ताणून बांधायला दहा मिनिटं लागतात. तो वेळ डिझेलच्या रूपाने परत मिळतो.

शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा वेगळाच. मातीच्या रस्त्यावर टायरचा विरोध दुपटी-तिपटीने वाढतो आणि काळ्या चिखलात तर त्याला धरबंधच राहत नाही. पाऊस उघडल्यावर रस्ता सुकायला एक दिवस थांबता येत असेल, तर थांबावं. शक्य असेल तिथे बांधापासून सडकेपर्यंत माल ट्रॅक्टरने आणून मग पिकअपमध्ये भरावा.

चालवण्याची रीत

एक पैसाही खर्च न करता होणारी मोठी बचत चालकाच्या पायात असते. भरलेली गाडी ६० च्या वेगाने धावते, तेव्हा तिच्यात जमलेली ताकद पुन्हा तयार करायला साधारण ४० मिलिलिटर डिझेल लागतं. ब्रेक दाबून गाडी थांबवली, की ती सगळी ताकद लायनर-ड्रमच्या घर्षणात उष्णता होऊन विरते. म्हणजे ६० वरून शून्यावर आणणारा प्रत्येक ब्रेक साडेतीन रुपयांचा. तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी सहा-सातशे मीटर गेली असती. पुढचा गतिरोधक, फाटा किंवा गुरांचा कळप दिसल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच हळू होऊ दिली, तर बराचसा खर्च वाचतो.

इथे एक जुना समज सोडायला हवा. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, असं अनेक चालक मानतात. वस्तुस्थिती उलटी आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिनाच्या डिझेल पंपातला गव्हर्नर डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायला डिझेल लागतंच. भरलेल्या गाडीला उतारावर इंजिनाचा अटकावही उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. ते जिवावर बेतणारं आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडलं, की एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगड होतं.

गिअरबाबत कानावर विश्वास ठेवावा. या इंजिनांची ओढ कमी फेऱ्यांतच चांगली असते, म्हणून इंजिन किंचाळायच्या आत वरचा गिअर टाकावा. पण वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडू लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही उचलेना आणि मागे काळा धूर निघाला, तर गिअर उतरवायलाच हवा. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवयही सोडावी, कारण हाफ क्लचने प्लेट झिजते आणि घसरणारी प्लेट रोज डिझेल खाते. क्लच तपासणं सोपं आहे. चढावर भरल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं की प्लेट संपली.

उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पितं. हंगामात मोंढ्याच्या फाटकावर, काट्यापाशी आणि हमालांची वाट पाहत इंजिन दोन तास चालू राहिलं, तर दीड लिटर गेलं. पंधरा-अठरा किलोमीटरची वाट जागेवर उभ्यानेच संपली. बॅटरी आणि सेल्फ धड नाही म्हणून इंजिन बंद न करणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. बॅटरीचे पैसे एका हंगामात निघतात.

चाकांपासून सुरुवात

आता दुरुस्तीकडे. टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त उपाय. सगळ्या टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असली, की इंधन ०.२ टक्क्यांनी जास्त लागतं, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा कारसाठीचा अंदाज आहे. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये दहा-पंधरा पीएसआय कमी असणं आपल्याकडे रोजचं आहे, म्हणजे चारही टायरची सरासरी धरली तरी नुसत्या हवेत एक-दीड टक्का. शिवाय कमी हवेचा टायर तापतो आणि परभणीच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात फुटतोही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठीचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत किंवा दारावरच्या पट्टीवर असतात. दुपारी चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो, म्हणून त्यातली हवा काढू नये. टायर थंड झाल्यावर ती कमीच भरते.

त्यानंतर ब्रेक. जुन्या पिकअपमध्ये चिकटून राहणारा ब्रेक हा डिझेलचा छुपा चोर असतो. तपासायला फार काही लागत नाही. पाच-सात किलोमीटर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवा, सपाट जागेवर थांबवा आणि चारही चाकांच्या जवळ हाताची मागची बाजू न्या. धातूला हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम लागलं, तर तिथे लायनर घासतंय किंवा बेअरिंग खराब झालं आहे. मग ते चाक जॅकवर उचला, गिअर काढा, हँडब्रेक सोडा आणि हाताने फिरवा. मोकळं चाक सहज फिरतं. चिकटलेलं लगेच थांबतं आणि एका ठरावीक जागी खरखरतं. बऱ्याचदा दोष व्हील सिलिंडरच्या गंजात, मोडक्या स्प्रिंगमध्ये किंवा जास्त ताणलेल्या हँडब्रेकच्या केबलमध्ये निघतो. काम काही शे रुपयांचं, आणि चाक पुन्हा मोकळं होतं.

पुढचे टायर एका कडेनेच झिजत असतील, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. अशी चाकं सरळ फिरत नाहीत, तिरकी घासत जातात. टायरही जातो आणि डिझेलही.

हवा, नोझल आणि पंप

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान बारा किलो हवा लागते. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढतं. काळ्या मातीची बारीक धूळ, मळणी यंत्राचा भुसा आणि कापसाचे तंतू यांतून वाट काढत ही हवा एअर फिल्टरमध्ये येते. नव्या संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी अ‍ॅव्हरेज फारसं घटत नाही, असं अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेला २००९ च्या चाचण्यांत आढळलं, कारण तिथे संगणक हवेच्या प्रमाणात इंधन कमी करतो. जुन्या पिकअपच्या मेकॅनिकल पंपाला ही सोय नाही. हवा कमी पडली, तरी तो पायाच्या हुकमाने डिझेल सोडतच राहतो आणि न जळालेलं डिझेल काळा धूर होऊन जातं. म्हणून हंगामात दर आठवड्याला फिल्टर उघडून पाहावा. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, आतून बाहेर मारावी. जमिनीवर आपटून फिल्टर झाडला, तर कागद फाटतो. मग धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते.

नोझलचं काम आपल्या शेतकऱ्याला सांगायला वेळ लागत नाही. कपाशीवर फवारताना पंपाचं नोझल झिजलं, की धुकं पडायच्या ऐवजी थेंब ओघळतात, औषध जास्त जातं आणि काम कमी होतं. इंजिनात हेच घडतं. चांगलं नोझल डिझेलचा इतका बारीक फवारा करतं, की प्रत्येक कण हवेत मिसळून जळतो. झिजलेलं नोझल ठिबकतं आणि ठिबकलेला थेंब अर्धवट जळून काजळी होतो. नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नोझल बनवणारी ‘मायको’ कंपनी आता बॉश नावाने ओळखली जाते, पण गॅरेजमध्ये अजून ‘मायकोचं नोझल’च मागतात. पंप-नोझलच्या दुकानात हाताच्या दांड्याचं तपासणी यंत्र असतं. चारही नोझल एकेक करून त्यावर लावून घ्या आणि स्वतः पाहा. ठरलेल्या दाबाला कर्रकन आवाज करत सगळ्या छिद्रांतून सारखा फवारा यायला हवा आणि नंतर टोक कोरडं राहायला हवं. या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.

पंपाबाबत एक सवय फार नडते. गाडी चढावर ओढत नाही अशी तक्रार केली, की काही ठिकाणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतात. ‘पंप उघडला’ की दोन दिवस गाडी जोरात वाटते. पण हवा तेवढीच असल्याने जादा डिझेल धूर होऊन जातं आणि पिस्टनही तापतात. ओढ का कमी झाली, हे आधी शोधायला हवं: तुंबलेला फिल्टर, टर्बोच्या पाइपला चीर, हललेलं टायमिंग, बिघडलेले टॅपेट की घसरणारा क्लच. पंप बेंचवर लावून कंपनीच्या मापाला बसवून घेणं, हाच त्याच्यावरचा खरा इलाज आहे.

धुराचा रंग यात फुकटचा वैद्य आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर टायमिंग मागे आहे, नोझल खराब आहे किंवा पाणी आत जात आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. शेवटच्या प्रकारात रिंगा आणि लायनरचं काम निघतं आणि तिथे वर दिलेला वर्षाच्या बचतीचा आकडा समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मराठवाड्यात उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे. इंजिनातलं पाणी ८०-८५ अंशांपर्यंत तापेस्तोवर त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा छोटा व्हॉल्व्ह. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि हिवाळ्यात बोरीहून पहाटे निघालेली गाडी परभणी येईपर्यंत इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि झीज वाढते. गाडी तापायचं खरं कारण बहुधा वेगळंच असतं: आत क्षार साचलेला किंवा बाहेरून भुसा-मातीने बुजलेला रेडिएटर, ढिला पट्टा, झिजलेला वॉटर पंप, कूलंटच्या जागी भरलेलं बोअरचं जड पाणी. रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट भरा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. तीनशे-चारशे रुपयांचा हा व्हॉल्व्ह वर्षाचे बारा महिने काम करतो.

पैसे कुठे घालू नयेत

डिझेलच्या नळीला बांधायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेच्या पाइपात बसवायचा पंखा: वीस-तीस टक्के अ‍ॅव्हरेज वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या अशा वस्तू दर हंगामात नव्या नावाने येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली आणि बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं तर सरळ नुकसानीचं. पंपाचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. ते वंगण पातळ झालं, की वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पंपाच्या दुरुस्तीत जातात.

सर्वांत मोठी गळती

आता वहीतल्या वजनाच्या रकान्याकडे येऊ. वरचा जोराचा हिशेब रिकाम्या गाडीला लावा. माल उतरवल्यावर गाडीचं वजन साधारण १.६५ टन राहतं. टायरचा विरोध ३३ वरून २० किलोवर येतो, पण हवा कापायचे २५ तसेच राहतात. एकूण ४५. म्हणजे मोंढ्यातून रिकामी परतणारी पिकअप भरलेल्या पिकअपच्या तीन चतुर्थांशाहून जास्त डिझेल पिते आणि तिच्यात एक पोतंही नसतं.

दहा क्विंटल माल नेला आणि गाडी रिकामी आली, तर जाता-येता खर्ची पडलेला जोर ५८ अधिक ४५, म्हणजे १०३. क्विंटलमागे १०.३. येताना दहा क्विंटल खत, सरकी पेंड किंवा सिमेंट मिळालं, तर ११६ भागिले वीस क्विंटल, म्हणजे ५.८. क्विंटलमागचं डिझेल ४४ टक्क्यांनी उतरलं. सगळी दुरुस्ती करून गाडी बारावरून चौदावर आणली, तर बचत १४ टक्क्यांची होते. म्हणजे नोझल, पंप, टायर आणि ब्रेक यांनी मिळून जे मिळतं, त्याच्या तिप्पट परतीच्या मालाने मिळतं.

अडचण ही, की माल दोन्ही दिशांना एकाच वेळी नसतो. सोयाबीन-कापसाच्या दिवसांत गावाकडून बाजाराकडे ओघ असतो, तर पेरणीआधी बाजाराकडून गावाकडे. म्हणून जमवाजमव करावी लागते. पाच क्विंटल तूर घेऊन अर्धी गाडी निघण्यापेक्षा शेजारच्याची पाच क्विंटल एकत्र घालावी, कारण अर्ध्या गाडीला जवळपास पूर्ण गाडीइतकंच डिझेल लागतं. निघण्याच्या आदल्या रात्री गावातल्या किराणा, हार्डवेअर आणि कृषी सेवा केंद्रांना फोन करून उद्या परभणीहून काय आणायचं आहे, हे विचारावं. रब्बीचं खत हंगामाच्या घाईत वेगळ्या फेरीने न आणता, सोयाबीन उतरवून परतणाऱ्या गाडीत आणून ठेवावं. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी आपल्या सभासदांच्या फेऱ्यांची एक सामाईक वही ठेवली, तर हे आणखी सोपं होईल.

क्रम असा धरावा. या आठवड्यात टाकी ते टाकी मोजणी सुरू करा आणि टायरची हवा व एअर फिल्टर पाहा. पहिला आकडा हातात आल्यावर चिकटलेले ब्रेक, अलाइनमेंट आणि थर्मोस्टॅट. त्यानंतर पुन्हा मोजा. काळा धूर राहिलाच, तर नोझल आणि पंप बेंचवर न्या, एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर वहीत नवा आकडा लिहा, म्हणजे कुठल्या रुपयाने किती डिझेल वाचवलं हे कळेल. आणि परतीच्या मालाची चौकशी पहिल्याच खेपेपासून सुरू करा, कारण तिला ना पाना लागतो ना पैसा.

पानेवाडीहून परभणीला येणाऱ्या टँकरचं भाडं आपल्याला कमी करता येणार नाही. क्विंटलमागे लागणारं डिझेल मात्र वहीत लिहून, उपाय करून, एका हंगामात निम्म्याच्या जवळ आणता येतं. गाडीचं भाडं शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापलं जातं, त्यामुळे ही बचत गाडीमालकापाशीच थांबत नाही. सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यामागे ती शेतकऱ्याच्याही पदरात पडते.